पाणी गाळून पितो, मग वायफाय?



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळात एक व्याख्यान झालं. विषय होता ‘मोबाइल आणि आपली सुरक्षितता’. बोलायला आलेला मुलगा हुशार होता, आवाजही छान होता. पण पाऊण तासात त्याने एकच गोष्ट दहा वेळा सांगितली. “काकू, बाहेरच्या वायफायला हातच लावू नका. लावला की खातं रिकामं!” सगळ्याजणींनी माना डोलावल्या, टाळ्या झाल्या, चिवडा-लाडू झाला आणि आम्ही घरी निघालो.

माझ्या शेजारी आमच्या काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई बसल्या होत्या. व्याख्यानभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाल्या, “बघ, मी म्हणत नव्हते? चूक माझीच होती. मी हातच लावायला नको होता.”

तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं. कारण मला त्या मुलाचा राग आला. राग त्याच्या हेतूचा नाही, त्याच्या सल्ल्याचा. ‘हातच लावू नका’ या सल्ल्याने काकू सुरक्षित झाल्या नाहीत, फक्त अपराधी झाल्या. आणि काकूंचे पैसे बुडाले त्यात वायफायचा वाटा थोडा आणि या भीतीचा वाटा मोठा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकूंच्या परवानगीने झालेलं सांगते. मागच्या थंडीत आम्ही घरच्या बायका एका क्षेत्रावर दर्शनाला गेलो होतो. धर्मशाळेच्या खोल्या जुन्या, दगडी भिंतीच्या. खोलीत रेंज एखादी काडी. मेसेज येत होते, पण नेट चालत नव्हतं. काकूंना पुण्याच्या नातवाला व्हिडिओ कॉल करायचा होता. त्यांनी वायफाय उघडलं तर क्षेत्राच्या नावाची दोन नावं दिसली. एकाला पासवर्ड होता, दुसऱ्याला नव्हता. साहजिकच त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. एक पान उघडलं. वर मंदिराचा फोटो, खाली मोबाइल नंबर मागितलेला. नंबर दिला, ओटीपी आला, तो भरला. मग दुसरं पान आलं. दिवसभर इंटरनेट हवं असेल तर दहा रुपये भरा, कार्डाचा नंबर द्या. काकूंनी कार्डाचा नंबर दिला, पाठीमागचे तीन आकडे दिले. पुन्हा ओटीपी आला. चष्मा बॅगेत होता. त्यांनी मेसेजातले आकडे तेवढे बघितले आणि भरले. त्या मेसेजात रक्कम दहा रुपये नव्हती. साडेअठरा हजार होती.

नेट काही लागलं नाही. सकाळी चष्मा लावून मेसेज वाचला तेव्हा काय झालं ते कळलं. ऑफिसात मुनीमजींना विचारलं तर ते म्हणाले, आमचं वायफाय पासवर्डवालंच आहे, दुसरं कुणाचं ते आम्हाला माहीत नाही.

आणि यापुढची गोष्ट मला जास्त बोचते. काकू नऊ दिवस गप्प बसल्या. माझ्याशी नाही, काकांशी नाही, मुलाशी तर मुळीच नाही. का? “तो ओरडला असता गं. म्हणाला असता, तुला काय कळतंय, कुणी सांगितलं होतं नको तिथे बोट लावायला.” नऊ दिवसांनी पासबुक भरून आणलं तेव्हा फुटलं. बँकेत गेलो, तक्रार केली. तोपर्यंत पैसे कधीच पुढच्या पुढे गेले होते.

आता मी विचारते, ‘हातच लावू नका’ हे वाक्य काकूंनी त्याआधी ऐकलं नव्हतं का? शंभरदा ऐकलं होतं. व्हॉट्सॲपवर रोज येतं. त्या वाक्याने त्यांना दोन नावांतलं खरं कुठलं हे ओळखायला शिकवलं नाही. कुठल्या पानावर थांबायचं हे शिकवलं नाही. फसल्यावर पहिला फोन कुणाला करायचा हेही शिकवलं नाही. त्या वाक्याने एकच काम केलं. फसल्यावर तोंड बंद ठेवायला लावलं.

आपण विहिरीला हात लावू नका असं कधी म्हटलं का? आपल्या आज्या-पणज्यांनी पाणी गाळायला शिकवलं. दुहेरी कापड कसं घ्यायचं, किती वेळाने परत गाळायचं, जिवाणी कुठे सोडायची, सगळं हातात धरून शिकवलं. पाणी लागणारच, म्हणून गाळणं शिकायचं. वायफायचं तसंच आहे. म्हणून आधी त्यात नक्की काय असतं ते बघू.

पूर्वी धोका खरोखर मोठा होता. तेव्हा बऱ्याच वेबसाइटवर आपण जे लिहू ते उघड्या ताटासारखं हवेतून जायचं. २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम एका अमेरिकन तरुणाने मुद्दाम जाहीर केला. तो चालू करून कॉफीच्या दुकानात बसलं की त्याच वायफायवरच्या दुसऱ्या माणसाच्या फेसबुक खात्यात शिरता यायचं. एवढं सोपं आहे हे सगळ्यांना दिसलं आणि मोठ्या कंपन्यांना ताटावर झाकण घालावं लागलं. आज बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप, ईमेल, सगळे बंद डब्यात माल पाठवतात. शेजारी बसलेल्या चोराला डबा कुठे चालला आहे एवढं दिसू शकतं, आत काय आहे ते दिसत नाही. यूपीआयचा पिन ॲपच्या आतच कुलूपबंद होतो आणि ॲप आपल्या सिमला बांधलेलं असतं. बँकेचा ओटीपी तर सहसा मोबाइलच्या मेसेजमधून येतो. तेव्हा ‘वायफाय जोडलं की खातं रिकामं’ हे आजच्या काळात जसंच्या तसं खरं नाही. निव्वळ जोडल्याने काकूंचे पैसे गेले नाहीत. खोट्या पानावर कार्ड आणि ओटीपी दिल्याने गेले.

हा फरक कळला की गाळायचं काय तेही कळतं. बंद डबा म्हणजे वाट सुरक्षित. डबा ज्याच्या दारात पोचतो तो माणूस प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. खोट्या दुकानालाही बंद डबा घेता येतो. म्हणून ‘कुलूप दिसलं की भरा’ हा सल्लाही आता जुना झाला. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलपाचं चित्रच काढून टाकलं, कारण लोक त्याचा अर्थ ‘ही वेबसाइट खरी आहे’ असा घेत होते.

दुसरी गोष्ट नावाची. वायफायला नाव कुणीही काहीही देऊ शकतं. माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून मी त्याला ‘सोलापूर स्टेशन’ असं नाव दिलं तर मला कोण अडवणार? आपल्या फोनला नाव तेवढं कळतं, आणि पूर्वी जोडलेलं उघडं नाव पुन्हा दिसलं की तो न विचारता जोडून टाकतो. हे काही कल्पनेतलं नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात पोलिसांनी एका माणसावर गुन्हा दाखल केला. तो विमानतळांवर आणि चक्क विमानातही खऱ्या नावाचं खोटं वायफाय उभं करायचा आणि जोडणाऱ्यांना ईमेलचा, सोशल मीडियाचा पासवर्ड मागणारं पान दाखवायचा. म्हणजे तिथेही तेच झालं. वायफायने काही ओढून घेतलं नाही, पानाने मागितलं आणि लोकांनी दिलं. विमानाने फिरणारे शिकलेले लोक होते ते. आमच्या काकूंनाच काय म्हणून ‘अडाणी’ म्हणायचं?

आता तुम्ही विचाराल, खरं वायफायसुद्धा मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतंच की! सोलापूर स्टेशनवर सिद्धेश्वर एक्सप्रेसची वाट बघताना मुलं लावतात, तेव्हा तेही मागतं. बरोबर आहे, आणि काकू पहिल्या पानावर म्हणूनच फसल्या. त्यामागचं कारण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला. पोलिसांनी माग काढला तर तो नवी मुंबईत सानपाड्याला एका घरापर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाची चौकशीवर चौकशी झाली. ईमेल त्याने पाठवला नव्हता. त्याच्या घरचं वायफाय नीट बंद केलेलं नव्हतं, त्याचा कुणीतरी उपयोग करून घेतला होता. पुढच्या महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. त्यानंतर २००९ मध्ये सरकारने नियम घातला की सार्वजनिक वायफाय वापरणारा कोण आहे याची नोंद राहिली पाहिजे. म्हणून नंबर आणि ओटीपी.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेलने फुकट वायफाय सुरू केलं, जून २०१८ पर्यंत ते ४०० स्टेशनांवर पोचलं, तेव्हाही हीच पद्धत होती. २०२० मध्ये गूगल बाहेर पडलं, रेलटेलचं ‘रेलवायर’ चालू राहिलं, पद्धत तीच राहिली. म्हणजे खरं वायफाय विचारतं, ‘तू कोण?’ त्यासाठी मोबाइल नंबर आणि त्याच कामाचा ओटीपी पुरतो. ज्या पानावर प्रश्न ‘तू कोण?’ वरून ‘तुझं कार्ड कुठलं?’ वर जातो, तिथे थांबायचं. रेलवायरचेही पैसे भरून घ्यायचे प्लॅन आहेत, पण आपल्याला स्टेशनवर अर्धा तास फुकट मिळतो तो पुरे. जास्त हवं असेल तर आपला डेटा आहे.

सानपाड्याची गोष्ट मी आणखी एका कारणासाठी सांगितली. आपण नेहमी बाहेरच्या वायफायला नावं ठेवतो. घरच्या वायफायचं काय? बसवणारा माणूस जो पासवर्ड ठेवून गेला तोच पाच वर्षं चालू असतो. नाहीतर घराचा मोबाइल नंबर हाच पासवर्ड, तो सगळ्या गल्लीला पाठ. आपली मंगल कार्यालयं, धर्मशाळा, पाठशाळा बघा. भिंतीवर कागद चिकटवलेला, त्यावर एक ते आठ आकडे ओळीने. त्या वायफायवरून उद्या कुणी काही वाईट केलं तर पोलीस पहिल्यांदा कुणाच्या दारात येतील? हा निव्वळ प्रमाद आहे. मुद्दाम पाप करत नाही म्हणून आपण सुटतो असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. बेसावधपणाचाही दोष लागतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते चुलीपाशी आणि पाण्यापाशी पाळायचं, आणि कोपऱ्यात दिवे लुकलुकणाऱ्या डब्यापाशी नाही, असं कसं चालेल?

क्षेत्रांच्या आणि कार्यालयांच्या ट्रस्टींना माझी हात जोडून विनंती आहे. देणगीदारांच्या नावाच्या एवढ्या पाट्या लावता, एक पाटी वायफायची लावा. ‘आमच्या वायफायचं नाव हे. पासवर्ड ऑफिसात मिळेल. आम्ही त्यासाठी पैसे किंवा कार्ड मागत नाही.’ तीन ओळी. ही पाटी असती तर काकू दुसऱ्या पानावर थांबल्या असत्या.

आता गाळणं. मी स्वतः जे करते तेवढंच लिहिते.

पैशाचं काम, म्हणजे बँक, यूपीआय, कार्ड, तिकीट, बाहेर असताना मी आपल्या मोबाइल डेटावरच करते. यूपीआयचा डबा बंद असतो हे वर लिहिलंच आहे. पण घाईत आपण कुठल्या पानावर आहोत याकडे लक्ष राहत नाही, म्हणून एक सोपा नियम बरा. घरात दुसऱ्या कुणाच्या फोनला रेंज असेल तर त्याचा हॉटस्पॉट घेते.

बाहेरचं वायफाय लागलंच तर आधी तिथल्या माणसाला नाव विचारते. एकसारखी दोन नावं दिसली तर एकालाही जोडत नाही.

काम झालं की ते नाव फोनमधून काढून टाकते. सेटिंगमध्ये त्या नावावर बोट ठेवलं की ‘विसरा’ असं येतं. नाहीतर फोन पुढच्या वेळी आपल्याला न विचारता जोडेल.

वायफायसाठी कुठलंही ॲप उतरवत नाही. हे फार महत्त्वाचं. हल्ली लग्नपत्रिकेच्या नावाने फाइल येते, शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. उघडून परवानगी दिली की ते आपले मेसेज वाचतं, ओटीपीसकट. वायफायच्या पानाने तशी फाइल दिली तर तिथेच बंद.

‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशी सूचना आली तर ‘तरीही पुढे जा’ करत नाही. फोन आपल्याला सांगतो आहे की डब्याचं झाकण नीट लागलेलं नाही. त्याचं ऐकायचं.

आणि ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचते. चष्मा लावून. रक्कम आणि कुणाला, दोन्ही. चष्मा नसेल तर ओटीपी नाही.

एवढं पाच-सात दिवसांत अंगवळणी पडतं. शोधाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे जड आहे असं मला कुणी सांगू नये. धान्य निवडताना जी नजर लागते तीच इथे लागते.

आता घरातल्या पुरुषांबद्दल. रागावू नका, पण लिहिते. आपल्यातल्या किती जणींचा फोन मुलाने ‘सेट’ करून दिलेला आहे? पासवर्ड त्याला माहीत, आपल्याला नाही. काही विचारलं की फोन हातातून घेतात, भराभर बोटं फिरवतात आणि परत देतात. “झालं बघ.” काय झालं ते आपल्याला कळत नाही. आपणही “हुशार आहे हो माझा” म्हणून कौतुक करतो. मग एकटं असताना, धर्मशाळेच्या खोलीत, दवाखान्याच्या तळमजल्यावर रेंज नसताना, आपण काय करायचं? मुलांनो, आईच्या हातातून फोन घेऊ नका. तिच्या हातात ठेवून सांगा. दहा मिनिटं जास्त लागतील. तिने तुम्हाला बाराखडी शिकवताना घड्याळ बघितलं नव्हतं.

आणि फसल्यावर तिला ओरडू नका. फसवणूक शिकलेल्यांची होते, पुरुषांचीही होते. रिझर्व्ह बँकेने ‘राजू आणि चाळीस चोर’ या नावाची चित्रांची पुस्तिका काढली आहे. भोळ्या राजूला वेगवेगळ्या वेषांत उभं करून फसवणुकीचे ४० प्रकार त्यात दाखवले आहेत. बघा, बँकेनेही भोळा म्हणून राजूच निवडला, आपल्यापैकी कुणी नाही!

मैत्रिणींनो, सोलापूर हे पंडिता सुमतीबाई शहा यांचं गाव आहे. मुलींनी, विधवांनी शिकून काय करायचं असं विचारणाऱ्या काळात श्राविका संस्थेने इथे बायकांच्या हातात पुस्तक दिलं. तेव्हाही म्हणणारे होतेच, की बाई शिकली तर बिघडेल, फसेल, हातच लावू देऊ नका. आपल्या सासवांनी, आयांनी ते ऐकलं नाही म्हणून आज मी लिहिते आणि तुम्ही वाचता. फोनच्या बाबतीत तेच वाक्य आपण मुकाट्याने ऐकून घ्यायचं का?

शेवटचं, आणि हे मनात पक्कं धरा. फसलात तर लाज बाळगू नका, वेळ घालवू नका. १९३० हा नंबर फिरवा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी तो देशभर चालतो. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर ते अडवता येऊ शकतात. त्याच दमात बँकेला फोन करून कार्ड बंद करायला सांगा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये एक परिपत्रक काढलं होतं. त्याप्रमाणे चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोटा ग्राहकावर पडत नाही. आपण स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्हीकडे हिशेब तासांचा आणि दिवसांचा आहे. काकूंनी त्याच सकाळी सांगितलं असतं तर सगळे पैसे आले असतेच असं मी म्हणत नाही. पण नऊ दिवसांत जी काही आशा होती ती गेली, आणि ती कुणा चोराने नेली नाही. ती आपल्या घरातल्या ओरडण्याच्या भीतीने नेली.

पुढच्या महिन्यात मंडळात मी बोलणार आहे. व्याख्यान नाही. प्रत्येकीने आपला फोन आणि चष्मा घेऊन यायचं. बसून एकेक नाव ‘विसरा’ करू, १९३० फोनमध्ये साठवू, एपीके कसं ओळखायचं ते बघू. काकू माझ्या शेजारी बसणार आहेत. लेख वाचून दाखवला तेव्हा म्हणाल्या, “नाव नको घालूस, पण नऊ दिवस घाल. ते कळलं पाहिजे सगळ्यांना.”

घातलं काकू.

जय जिनेंद्र.